स्टारक्राफ्ट २ मध्ये कोरियाची सद्दी का संपली

स्टारक्राफ्ट २ या संगणकावरच्या युद्धखेळाच्या वर्षअखेरच्या जागतिक अंतिम स्पर्धेत २०१३ साली १६ खेळाडू होते. त्यातले १५ दक्षिण कोरियाचे, आणि सोळावा स्वीडनचा नानीवा. २०१४ मध्ये सोळाच्या सोळा कोरियन. २०१५ मध्ये पुन्हा १५ कोरियन आणि फ्रान्सचा एकटा लिलबो. २०१२ ते २०१७ या सहा वर्षांत जगज्जेतेपद कोरियाबाहेर गेलंच नाही. पार्टिंग, सोस, लाइफ, पुन्हा सोस, ब्यून, रोग अशी ती यादी आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये फिनलंडच्या सेरालने अंतिम सामन्यात कोरियाच्या स्टॅट्सला ४-२ असं हरवलं आणि ही रांग तुटली. २०१९ मध्ये डार्कने आणि २०२० मध्ये पोलंडमधल्या काटोविसच्या जागतिक स्पर्धेत रोगने किताब परत नेला. त्यानंतर मात्र काटोविसमध्ये २०२१ ला इटलीचा रेनर, २०२२ ला सेराल, २०२३ ला चीनचा ऑलिव्हेरा, २०२४ ला परत सेराल. रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये २०२४ ला फ्रान्सचा क्लेम आणि २०२५ ला पुन्हा सेराल.

‘एक असामान्य खेळाडू आला आणि त्याने सगळ्यांना झोपवलं’ असं या यादीकडे पाहून वाटू शकतं. सेराल असामान्य आहेच. पण एकट्या खेळाडूमुळे अख्खा देश मागे पडत नाही. आमच्या मते कोरियाचं शिखर कधी ढासळलंच नाही, शिखराखालची पायरी नाहीशी झाली. जगातले पहिले पाच-सहा खेळाडू कोरिया बरीच वर्षं देत राहिला. त्यांच्या खालचे तीस-चाळीस खेळाडू, ज्यांच्या जिवावर ते पाच-सहा तयार होत, ते उरले नाहीत. ते का उरले नाहीत हे समजायला आधी ती जुनी यंत्रणा चालायची कशी ते पाहावं लागतं.

एका सामन्यामागची माणसं

स्टारक्राफ्ट एकास एक असा खेळला जातो. टेरन, झर्ग आणि प्रोटॉस अशा तीन रेस, म्हणजे काल्पनिक जमाती, आहेत आणि प्रत्येक खेळाडू साधारणपणे एकाच रेसवर करिअर काढतो. म्हणजे त्याला तीन प्रकारच्या लढती शिकाव्या लागतात: स्वतःच्याच रेसविरुद्ध एक आणि उरलेल्या दोन रेसविरुद्ध दोन. यातली प्रत्येक लढत जवळजवळ वेगळा खेळ आहे. टेरनविरुद्धची तयारी झर्गविरुद्ध फारशी उपयोगी पडत नाही.

प्रतिस्पर्धी काय बांधतोय हे इथे दिसत नाही. नकाशाचा बहुतेक भाग अंधारात असतो. म्हणून सुरुवातीची काही मिनिटं ‘बिल्ड’वर चालतात. कोणती इमारत कोणत्या सेकंदाला, किती कामगार झाल्यावर दुसरा तळ, हे सगळं पाठ असतं. नवा बिल्ड कागदावर सुचतो, पण तो खरा ठरवायला बरोबरीच्या खेळाडूशी पन्नास-साठ गेम खेळावे लागतात. पंचवीस सेकंदांनी हल्ला लवकर आला तर काय मोडतं, समोरच्याने सैन्याऐवजी तिसरा तळ टाकला तर आपण मागे पडतो का, एवढं सगळं तपासायचं असतं. लॅडरवर, म्हणजे गेमच्या सार्वजनिक क्रमवारीच्या सामन्यांत, हे जमत नाही. तिथे समोर कोण येईल, कोणती रेस येईल, कोणता मॅप येईल यावर आपला ताबा नसतो. शिवाय आपला नवा बिल्ड सगळ्यांना दिसतो.

थोडक्यात, या खेळात तयारीसाठी दुसरा माणूस लागतो. तो चांगला लागतो, हव्या त्या रेसचा लागतो, आपल्या वेळेला हजर असावा लागतो आणि गुप्तता पाळणारा असावा लागतो. कोरियाकडे असा माणूस पुरवणारी व्यवस्था होती आणि बाकी जगाकडे नव्हती. सगळा फरक इथून सुरू होतो.

टीम हाउस आणि प्रोलीग

१९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियात इंटरनेट कॅफे, म्हणजे पीसी बांग, झपाट्याने वाढले. १९९८ मध्ये पहिला स्टारक्राफ्ट आला आणि त्याच वर्षाअखेरीस त्याची ब्रूड वॉर ही आवृत्ती. २००० मध्ये केस्पा ही ई-स्पोर्ट्सची कोरियन संघटना स्थापन झाली. ऑनगेमनेट आणि एमबीसीगेम या दोन केबल वाहिन्या जवळजवळ या खेळावरच चालत. २००३ पासून प्रोलीग, म्हणजे कंपन्यांच्या संघांची साखळी स्पर्धा, सुरू झाली. २००४ चा अंतिम सामना बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर झाला तेव्हा एक लाख माणसं जमल्याचं सांगितलं जातं. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी गर्दी किती होती याचा अंदाज येतो.

एसके टेलिकॉम, केटी, सॅमसंग, सीजे, एसटीएक्स, वूंगजिन असे उद्योगसमूह संघ चालवत. ऐन भरात प्रोलीगमध्ये १२ संघ होते. प्रत्येक संघाचं एक घर. खेळाडू तिथेच राहत, जेवत, दिवसाचे दहा-बारा तास सराव करत. पहिल्या फळीखाली दुसरी फळी असे, तिला पगार जेमतेम किंवा नाहीच. नव्या मुलाला आत शिरायचं असेल तर ‘करेज’ नावाची हौशी स्पर्धा जिंकून पात्रता मिळवावी लागे. मग संघ त्याला उचलत आणि तो दुसऱ्या फळीत जाऊन बसे.

आता एका आठवड्याचं चित्र पाहा. प्रोलीगचा सामना पाच सेटचा. कोणत्या सेटला कोणता मॅप हे आधी ठरलेलं, आणि कोण कोणाविरुद्ध खेळणार हेही सामन्यापूर्वीच जाहीर. २-२ झालं तर पाचवा सेट ‘एस’, म्हणजे संघांच्या हुकमी खेळाडूंचा, त्यांची नावं ऐन वेळी. समजा तुमच्या टेरन खेळाडूची गाठ एका झर्गशी एका ठरावीक मॅपवर आहे. प्रशिक्षक संघातल्या झर्ग खेळाडूंना कामाला लावतो. एक जण प्रतिस्पर्ध्याचे जुने सामने पाहून हुबेहूब त्याच्यासारखा खेळतो. दुसरा त्याच्या उलट, मुद्दाम अनपेक्षित काहीतरी करतो. तुमचा खेळाडू त्या एका मॅपवर, त्या एका लढतीसाठी दिवसरात्र घासतो आणि एका गेमसाठी तीन वेगळे बिल्ड घेऊन बूथमध्ये बसतो.

यासाठी संघाला प्रत्येक रेसचे किमान दोन-तीन चांगले खेळाडू लागतात. तीन रेस धरल्या तर आठ-दहा जणांखाली गाडा चालत नाही. त्यातले निम्मे टीव्हीवर कधी दिसतच नाहीत. ते हरण्याचा पगार घेतात म्हटलं तरी चालेल. पण दुसऱ्या फळीतला पोरगा वर्षभर जगातल्या सर्वोत्तम खेळाडूशी रोज वीस गेम खेळला तर तोही कधीतरी वर येतो. एकाच घरात आजचे विजेते आणि उद्याचे विजेते तयार होत होते.

परदेशी खेळाडूंना हे घर मिळालंच नाही. ते आपापल्या खोलीत, शाळा-कॉलेज सांभाळून, लॅडरवर शिकत. प्रतिभा त्यांच्याकडेही होती, पण दोघांच्या सरावाच्या तासांत मोठी तफावत होती आणि त्या तासांच्या दर्जात त्याहून मोठी.

फट पडली ती २०१० ते २०१२ मध्ये

स्टारक्राफ्ट २ जुलै २०१० मध्ये आला, आणि आला तो भांडण घेऊनच. केस्पाने २००७ पासून प्रोलीगचे प्रक्षेपण हक्क विकायला सुरुवात केली होती. खेळ आपला आहे तर हक्क विकणारे तुम्ही कोण, असा खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीचा सवाल होता. बोलणी फिसकटली. ब्लिझार्डने कोरियातले हक्क गॉमटीव्ही चालवणाऱ्या ग्रेटेक कंपनीला दिले आणि प्रकरण कोर्टात गेलं. गॉमटीव्हीने जीएसएल ही स्टारक्राफ्ट २ ची स्पर्धा सुरू केली. तिच्या पहिल्या हंगामाच्या विजेत्याला, फ्रूटडीलरला, १० कोटी वॉन मिळाले. दुसरीकडे फ्लॅश, जेडाँग, बिसू हे ब्रूड वॉरचे मोठे तारे केस्पाच्या संघांत जुनाच खेळ खेळत राहिले.

समेट व्हायला मे २०१२ उजाडला. मधल्या हंगामात प्रोलीगमध्ये दोन्ही खेळ खेळवले गेले, मग २०१२-१३ पासून फक्त स्टारक्राफ्ट २. म्हणजे देशातली सर्वांत तगडी सराव यंत्रणा नव्या खेळाकडे वळायला जवळपास दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत कोरियन प्रेक्षक थांबून राहिला नाही.

डिसेंबर २०११ मध्ये लीग ऑफ लेजेंड्स कोरियात सुरू झाला. फुकट खेळता येणारा, पाच मित्रांनी एकत्र बसून खेळायचा, आणि हरल्यावर दोष वाटून घ्यायची सोय असलेला हा खेळ पीसी बांगसाठी जणू बेतलेलाच होता. स्टारक्राफ्टमध्ये हरलात की दोष फक्त तुमचा. त्याचा परिणाम भरतीवर झाला. बारा-तेरा वर्षांचा हुशार पोरगा ज्या खेळात पडतो त्या खेळाला दहा वर्षांनी विजेते मिळतात. २०१२ नंतर कोरियातली ती मुलं लीगकडे गेली. याची किंमत लगेच कळत नाही, कारण आधी भरती झालेली पिढी अजून जिंकत असते. कोरियाने २०१४ मध्ये सोळापैकी सोळा जागा घेतल्या तेव्हा तळातून येणारी धार आटायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती.

एमबीसीगेम वाहिनी २०१२ च्या सुरुवातीला बंद पडून तिथे संगीत वाहिनी आली. त्याआधी २०११ मध्ये तीन संघ बुडाले होते. त्यांच्यातल्या काही खेळाडूंची मोट बांधून केस्पाने ‘आठवा संघ’ उभा केला. त्याला २०१३ मध्ये जिन एअर हा प्रायोजक मिळाला. २०१२-१३ ची प्रोलीग एसटीएक्स सोलने जिंकली, उपविजेता वूंगजिन स्टार्स. पुढचा हंगाम या दोघांनीही पाहिला नाही. दोन्ही मूळ उद्योगसमूह कर्जात बुडाले होते. विजेता आणि उपविजेता दोघंही एकदम नाहीसे झालेली दुसरी स्पर्धा शोधायची तर जरा मेहनत घ्यावी लागेल.

पैसा कोणाचा, आणि तो का गेला

कोरियन संघ हे बहुतांशी कंपनीच्या जाहिरात खात्यातला खर्च होते. तिकीट विक्री नगण्य, प्रक्षेपणाचं उत्पन्न मर्यादित. कंपनीला तरुणांसमोर नाव हवं असे म्हणून ती पैसे देई. अशा पैशाला दोन गोष्टी सहन होत नाहीत: आटणारा प्रेक्षक आणि बदनामी. इथे दोन्ही आल्या.

एसके टेलिकॉम, केटी, सीजे, सॅमसंग, जिन एअर या सगळ्यांचे लीग ऑफ लेजेंड्सचेही संघ होते. दोन्ही खेळ एकाच ताळेबंदात शेजारी बसले की तुलना टळत नाही. लीगच्या सामन्याला प्रेक्षक कितीतरी पट. खर्च कुठे कापायचा हे ठरवायला फार बैठका लागल्या नसतील.

मॅच फिक्सिंगचा डाग जुना होता. २०१० मध्ये ब्रूड वॉरच्या ११ खेळाडूंवर केस्पाने कायमची बंदी घातली. त्यात एके काळचा विजेता सेव्हियरही होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्टारक्राफ्ट २ मधलं प्रकरण उघड झालं. प्राइम संघाचा प्रशिक्षक आणि खेळाडू पकडले गेले आणि संघ संपला. जानेवारी २०१६ मध्ये तर लाइफलाच अटक झाली. २०१४ चा जगज्जेता, २०१५ चा उपविजेता, पिढीतला सर्वांत हुशार झर्ग. दोन सामने हरण्यासाठी ७ कोटी वॉन घेतल्याबद्दल त्याला स्थगित कैद आणि तेवढाच दंड झाला.

फिक्सिंग पुन्हा पुन्हा का झालं, याचं उत्तर पुष्कळ अंशी खेळाच्या रचनेत आहे. एकास एक सामन्यात निकाल विकायला एकच माणूस पुरतो. प्रोलीगच्या नियमित हंगामातला एक सेट हरला तर खेळाडूचं फारसं नुकसान नाही, आणि पगार तर तुटपुंजा. सट्टेबाजाला यापेक्षा सोपं गिऱ्हाईक कुठलं?

१८ ऑक्टोबर २०१६ ला केस्पाने प्रोलीग बंद केल्याचं जाहीर केलं. घटते संघ आणि खेळाडू, न मिळणारे प्रायोजक आणि मॅच फिक्सिंग ही कारणं दिली. चौदा वर्षांची स्पर्धा संपली. उरलेल्या सातपैकी पाच संघांनी स्टारक्राफ्ट विभाग बंद केले. त्याच महिन्यात अमेरिकेचा नीब कोरियात जाऊन केस्पा कप जिंकून आला, अंतिम सामन्यात ट्रॅपला ४-० असं हरवून. कोरियाच्या भूमीवर परदेशी खेळाडूने मोठी स्पर्धा जिंकण्याची २००० नंतरची ही पहिलीच वेळ.

रीजन लॉक: दोष की निमित्त?

या विषयावर जेवढे वाद झाले तेवढे दुसऱ्या कशावर झाले नसतील. २०१३ मध्ये ब्लिझार्डने डब्ल्यूसीएस ही जागतिक मालिका सुरू केली. कोरिया, युरोप आणि अमेरिका असे तीन विभाग होते आणि खेळाडूने हवा तो निवडायचा. राहण्याची अट नव्हती. साहजिकच कोरियातल्या गर्दीला कंटाळलेले कोरियन युरोप-अमेरिकेत उतरले. युरोपची त्या वर्षीची तीन विजेतेपदं एमव्हीपी, डकडेओक आणि एमएमए यांनी घेतली, अमेरिकेची हीरो आणि दोनदा पोल्टने. सगळे कोरियन. स्थानिक खेळाडूला घरच्या स्पर्धेतही बक्षिसाचा पैसा मिळेना.

२०१५ पासून त्या त्या विभागात कायदेशीर वास्तव्याची अट आली, तोच ‘रीजन लॉक’. २०१६ मध्ये तर दोन स्वतंत्र रांगाच झाल्या: कोरियन मालिकेतून आठ आणि बाकी जगाच्या मालिकेतून आठ, मग वर्षअखेर समोरासमोर.

टीकाकार म्हणतात की यामुळे कमी दर्जाच्या परदेशी खेळाडूंना आयता पैसा मिळाला आणि मेहनती कोरियन उपाशी राहिले. २०१६ पुरतं हे खरंही आहे. जगात वरच्या क्रमांकावरचा एखादा कोरियन त्या वर्षी त्याच्याहून बऱ्याच खालच्या परदेशी खेळाडूपेक्षा कमी कमावत असेल, आणि त्यात न्याय नव्हता. पण यंत्रणा म्हणून पाहिलं तर लॉकने जे केलं ते प्रोलीगने कोरियात चौदा वर्षं केलं होतं: मधल्या फळीच्या पोटाची सोय. दरवर्षी ठरावीक स्पर्धा, ठरावीक जागा, दहाव्या-पंधराव्या क्रमांकालाही काहीतरी हाती. शाळा संपवून पूर्णवेळ उतरण्याचा हिशोब पहिल्यांदा जमायला लागला. सेराल शाळा पूर्ण केल्यावर पूर्णवेळ झाला तो याच काळात. रेनर आणि क्लेम, दोघंही २००२ चे, याच मालिकेत वाढले.

फक्त लॉकच्या आड लपून युरोप वर आला असता तर कोरियनांसमोर उघडा पडला असता. सेरालने ऑगस्ट २०१८ मध्ये सोलला जाऊन स्टॅट्सला ४-३ हरवलं आणि तीन महिन्यांनी अमेरिकेत परत हरवलं. लॉकमुळे कोरिया घसरला नाही. कोरिया आपल्या कारणांनी घसरत होता आणि लॉकमुळे बाकी जगाला त्याच वेळी वर येता आलं. दोन्ही रेषा २०१८ च्या आसपास एकमेकींना छेदतात.

संघ गेल्यावर सराव कसा होतो

प्रोलीग बंद झाल्यावर लगेच पडझड दिसली नाही. ब्यूनने तर २०१६ मध्ये कुठल्याही संघाशिवाय कोड एस जिंकलं, म्हणजे जीएसएलची वरची श्रेणी, आणि मग जगज्जेतेपदही. त्यामुळे अनेकांना वाटलं की संघाची गरजच नव्हती. पण ब्यून काय किंवा २०१८ ची तीनही आणि २०१९ ची पहिली अशी सलग चार कोड एस जिंकणारा मारू काय, ही सगळी जुन्या यंत्रणेत घडलेली माणसं होती. २०२० च्या अखेरीस जिन एअरचाही संघ संपला.

घर गेल्यावर तीन गोष्टी बिघडतात.

पहिली जोडीदाराची. फ्रीलान्सर खेळाडूला तीन रेसचे जोडीदार स्वतः शोधावे लागतात, त्यांच्या वेळा जुळवाव्या लागतात आणि बदल्यात त्यांनाही वेळ द्यावा लागतो. वरच्या दर्जाचे कोरियन खेळाडू उरले वीस-पंचवीस. त्यांतल्या कोणाशी सराव करणार? पुढच्या गटात तोच समोर येणार असतो. मग नवा बिल्ड लपवायचा तरी कोणापासून आणि तपासायचा तरी कोणावर? टीम हाउसमध्ये हा प्रश्न नव्हता, कारण दुसऱ्या फळीतला पोरगा तुमचा प्रतिस्पर्धी नसे.

दुसरी अंतराची. युरोपशी ऑनलाइन सराव करावा तर कोरियापासून तिथे सिग्नल जाऊन येईपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. टेरनच्या मरीन सैनिकांचा घोळका झर्गच्या फुटणाऱ्या बेनलिंगपासून वाचवण्यासाठी विखुरायचा असतो, तेव्हा पाव सेकंद म्हणजे सगळं सैन्य. तेव्हा अशा जोडणीवर बिल्डची रूपरेषा तपासता येते, लढाया नाही. युरोपात मात्र फिनलंड, फ्रान्स, इटली, पोलंड, जर्मनी सगळे एका सर्व्हरवर, अगदी थोड्या विलंबात. कोरियन सर्व्हरवरचा मधला वर्ग विरळ होत गेला आणि युरोपचा लॅडर दाट राहिला.

तिसरी उत्पन्नाची. टीम हाउसमध्ये पगार, खोली आणि जेवण ठरलेलं होतं. जीएसएलच्या कोड एसमध्ये चार जणांचा गट असतो. दोन सिरीज जिंकल्या की पुढे, दोन हरल्या की बाहेर. गट एका संध्याकाळी उरकतो. म्हणजे एक वाईट संध्याकाळ आणि पुढचे कित्येक महिने त्या स्पर्धेतून शून्य. विशी उलटलेल्या, घरच्यांना उत्तर द्यायचं असलेल्या माणसाला हे किती वर्षं परवडेल?

यात स्पर्धांच्या स्वरूपाचाही वाटा आहे. कोरियन पद्धत म्हणजे प्रतिस्पर्धी आधी माहीत, तयारीला आठवडा. जागतिक स्पर्धा मात्र तीन-चार दिवसांत उरकतात. सकाळी एका प्रोटॉसशी, संध्याकाळी एका झर्गशी, मध्ये तासाभराची उसंत. तिथे एका सामन्यासाठी घासलेल्या बिल्डपेक्षा कुठल्याही परिस्थितीत न डगमगणारा खेळ कामी येतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये लेगसी ऑफ द व्हॉइड आवृत्तीने सुरुवातीचे कामगार ६ वरून १२ केले आणि तळावरचे अर्धे खनिजपट्टे निम्म्या साठ्याचे केले. सुरुवातीची शांत मिनिटं गेली, तळ भराभर पसरायला लागले आणि पाठ केलेल्या पहिल्या पाच मिनिटांचं वजन घटलं. सेरालचा खेळ नेमका याला साजेसा आहे: माहिती काढत राहणं, न घाबरणं, चूक समोरच्याला करू देणं. हा बदल फार मोठा होता असं आम्ही म्हणणार नाही, पण वारं कोणत्या दिशेने वाहत होतं ते यावरून कळतं.

लष्करी सेवा

कोरियन पुरुषाला सक्तीची लष्करी सेवा असते. लष्करात सध्या १८ महिने, पूर्वी २१. साधारण २८ व्या वर्षापर्यंत जावंच लागतं. मिनिटाला तीनशेच्या वर क्रिया करणाऱ्या हातांसाठी दीड वर्ष फार मोठं असतं. त्या काळात मॅप बदलतात, पॅच येतात आणि एकेका युनिटची ताकद बदलते.

ब्रूड वॉरच्या काळात यावरही तोडगा होता. २००७ मध्ये हवाई दलाने एअर फोर्स एस नावाचा संघ काढला आणि सैन्यात असतानाच प्रोलीग खेळायची सोय झाली. हा संघ २०१२ मध्ये बंद पडला. तेव्हापासून सेवा म्हणजे पूर्ण खंड. रोगने २०२२ मध्ये चौथं कोड एस विजेतेपद जिंकलं आणि मग त्याला सैन्यात जावं लागलं.

सेवा आधीही होती, मग आताच ती का टोचते? पूर्वी एक गेला की दुसऱ्या फळीतले तीन जण त्याच्या जागेसाठी भांडत. आता एक गेला की जागा रिकामीच राहते. फिनलंडमध्येही सक्तीची सेवा आहे, त्यामुळे ‘सेवेमुळेच कोरिया हरला’ हे उत्तर अपुरं आहे.

जुन्या खेळाची ओढ

बाहेरच्यांना न दिसणारी एक गळती आहे. फ्लॅश डिसेंबर २०१५ मध्ये निवृत्त झाला आणि आफ्रिकाटीव्ही या थेट प्रक्षेपणाच्या कोरियन संकेतस्थळावर ब्रूड वॉर खेळायला लागला. इतर कित्येक जण त्याच वाटेने गेले. तिथे प्रेक्षक थेट ‘स्टार बलून’ नावाची आभासी भेट देतात. तिचे पैसे खेळाडूपर्यंत पोहोचतात, आणि लाडक्या खेळाडूला जिंकावंही लागत नाही. २०१६ पासून एएसएल ही ब्रूड वॉरची स्पर्धा सुरू झाली, ऑगस्ट २०१७ मध्ये खेळाची नवी रंगरंगोटी केलेली आवृत्ती आली. कोरियात स्टारक्राफ्ट मेला नाही. तो पहिल्या भागात परत गेला, आणि कोरियन माणसाला खरं प्रेम त्याच भागाचं होतं. स्टारक्राफ्ट २ साठी जो प्रशिक्षक, सराव जोडीदार किंवा समालोचक झाला असता तो अनुभवी माणूस तिकडे रमला.

ऑक्टोबर २०२० मध्ये ब्लिझार्डने स्टारक्राफ्ट २ साठी नवा विक्रीयोग्य आशय बनवणं थांबवलं. त्याचा फटका सगळ्यांनाच बसला. पण ज्यांची मधली फळी आधीच गेली होती त्यांना सावरायला जागा नव्हती.

घसरण मोजायची कशी

विजेत्यांची यादी हे सर्वांत उशिरा हलणारं माप आहे. लवकर हलणारी मापं वेगळी असतात: पात्रता फेरीत किती जण नाव देतात, पंचविसाव्या क्रमांकाच्या खेळाडूला महिन्याचा पगार आहे की फक्त बक्षिसाची आशा, पहिल्या वीस जणांत विशीच्या आतले किती. कोरियाच्या बाबतीत ही सगळी २०१२ ते २०१६ मध्येच खाली आली होती, जेव्हा विजेतेपदं अजून घरातच होती. कुठल्याही खेळात, कुठल्याही देशाबद्दल हीच मापं आधी पाहावीत.

या मापांनी पाहिलं तर आजचं चित्र सरळ आहे. कोड एस २०२४ पर्यंत एकाही परदेशी खेळाडूने जिंकलेलं नव्हतं. सोलमध्ये, तयारीला आठवडा मिळाला तर, जुनी विद्या अजून चालते. पण त्या स्पर्धेत पूर्वी ३२ खेळाडू असत, ते कमी होत होत १६ वर आले. जिंकणारी नावं मारू, रोग, डार्क, क्युअर, हीरो अशी सगळी नव्वदच्या दशकात जन्मलेली. रियाधच्या २०२५ च्या अंतिम सामन्यात सेरालला ५-४ पर्यंत खेचणारा क्लासिक तिशी ओलांडलेला, प्रोलीगमध्ये घडलेला. तिकडे युरोपातही रेनर आणि क्लेम यांच्यामागून येणारी मुलं मोजकीच आहेत.